दृश्य आणि अदृश्य : चिनी काव्याची बालरूपे

लहान मुलांसाठी अभिजात चिनी कवितेचे ॲनिमेशनमध्ये रूपांतर करणे हे वरवर पाहता सोपे कार्य वाटते. तांगकालीन चौपदी आखूड असते. तिच्यात चंद्र, पाऊस, पाखरे आणि डोंगर असतात. अनेक चिनी मुलांना ती अक्षरओळखीपूर्वीच मुखोद्गत झालेली असते. खरी अडचण निराळीच आहे. या कवितेत जे सांगितलेले असते त्याहून जे सांगितलेले नसते त्याला अधिक मोल असते, आणि अभावाचे रेखाटन करता येत नाही.

मंग हाओरान (६८९–७४०) या कवीची वसंतातील पहाटेवरची वीस अक्षरांची कविता घ्यावी. तिच्यातील निवेदक अंथरुणातून उठल्याचा कोठेही उल्लेख नाही. पाखरांचा कलरव आणि रात्रीच्या वाऱ्यापावसाची स्मृती एवढेच त्याच्यापाशी आहे. किती फुले गळली असतील, या शंकेवर कविता थांबते. पडद्यावर पाकळ्यांचा वर्षाव दाखविला की शंका फिटते आणि तिच्याबरोबर कविताही सरते. ल्यू झोंगयुआन (७७३–८१९) याच्या हिमाच्छादित नदीवरील कवितेत डोंगर पक्षिहीन आहेत, वाटा निर्मनुष्य आहेत. उरतो तो नावेत गळ टाकून बसलेला एकटा म्हातारा. पाखरे नाहीशी झाली हे दाखविण्यासाठी चित्रकाराला आधी पाखरे काढावी लागतात. भाषेला एका नकाराने जे साधते ते रेषेला साधत नाही.

भाषांतरकाराची कोंडी याच जातीची असते. चिनी कवितेत कर्ता पुष्कळदा अध्याहृत असतो आणि क्रियापदाला लिंगवचनाचा विकार नसतो. मराठीत मात्र जाग आलेली व्यक्ती स्त्री की पुरुष, 'मी' की 'तो', हा निर्णय बहुधा टळत नाही. ॲनिमेशनला तर तिला चेहरा, वय आणि पोशाखही द्यावा लागतो. प्रौढ वाचकापाशी स्वतःची प्रतिमा आधीच असल्यामुळे त्याची हानी अल्प होते. ज्या बालकाची कवितेशी पहिली भेट पडद्यावरच होते, त्याच्या मनात मात्र दुसऱ्याची प्रतिमा ठाण मांडून बसते.

मग असे रूपांतर करूच नये काय? हा निष्कर्ष उतावीळपणाचा ठरेल, कारण वाट चिनी चित्रपरंपरेतच आहे. १९५१ मध्ये लेखक लाओ शे यांनी वयोवृद्ध चित्रकार ची बाइशी यांना एका जुन्या कवितेतील ओळ चित्रासाठी दिली. तिचा विषय होता दूरवर ऐकू येणारा बेडकांचा आवाज. ची बाइशींनी एकही बेडूक काढला नाही. खडकांतून वाहत येणाऱ्या झऱ्यात बेडकांची शेपटीवाली पिल्ले तेवढी काढली, आणि आवाज ऐकण्याचे काम पाहणाऱ्यावर सोपविले. पुढे १९६० मध्ये शांघायच्या ॲनिमेशन स्टुडिओने याच चित्रकाराच्या शैलीवरून, आईला शोधणाऱ्या अशाच पिल्लांचा शाईचित्रपट मुलांसाठी केला. १९८८ मध्ये तेथेच ते वेई यांनी गुरुशिष्यांची एक कथा संवादावाचून, केवळ डोंगर, धुके आणि वाद्याच्या स्वरांतून सांगितली. हे चित्रपट कवितांची रूपांतरे नव्हेत. तथापि कोरी जागा बोलकी कशी करावी, याचा पाठ त्यांत आहे.

२०२४ मध्ये चीनच्या मध्यवर्ती दूरचित्रवाणीने पाठ्यपुस्तकांतील कवितांवरील, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्मिलेली मालिका दाखविण्यास आरंभ केला. चित्रे विपुल आणि सुलभ होत असताना काय दाखवू नये, हा विवेक अधिकच निकडीचा ठरतो. पडदा मिटल्यावर किती फुले गळली, हे मुलाला अजूनही विचारावेसे वाटते काय, यावरूनच अशा रूपांतराची परीक्षा व्हावी.