मनोधैर्याच्या नावाखाली

युद्धावरून परतलेला सैनिक गप्प का राहतो, याचे आपले ठरलेले उत्तर आहे: गोपनीयतेची शपथ. १९२३चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही सुटत नाही, हे खरे. पण १९६२च्या चीन युद्धाविषयीचे आपल्या माणसांचे लेखन वाचताना आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या माजी सैनिकांशी बोलताना हे उत्तर मला अपुरे वाटत गेले.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. नेफात चीनकडून काय घडू शकते, याचा अंदाज त्यांनी १९५९मध्येच लष्करी मुख्यालयाला कळवला आणि मार्च १९६०मध्ये लखनौला ‘लाल किला’ हा युद्धसराव घेतला. ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे त्यांचे आत्मचरित्र मात्र १९८६मध्ये, निवृत्तीनंतर २५ वर्षांनी आले. पुस्तक नेमके आणि संयत आहे. पण ज्याचा अंदाज खरा ठरला, त्याचे ते बोलणे आहे. मुख्यालयातल्या कागदांपाशी ते थांबते. खंदकापर्यंत उतरत नाही.

पराभवानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण यांचे ‘कृष्णाकाठ’ १९४६पाशी संपते. पुढचे खंड झालेच नाहीत. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा चौकशी अहवाल त्यांच्याच काळात आला. २ सप्टेंबर १९६३ला लोकसभेत त्यांनी त्यातून घ्यायचे धडे सांगितले, अहवाल दिला नाही. सुरक्षितता आणि सैन्याचे मनोधैर्य ही त्यांनी दिलेली कारणे. २०१४मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्यातला काही भाग प्रसिद्ध केला. सरकारने तो अजून खुला केलेला नाही.

माझा आक्षेप या ‘मनोधैर्य’ शब्दाला आहे. कल्याणला राहणारे एक निवृत्त हवालदार त्या वेळी सिग्नल्समध्ये होते. नोव्हेंबर १९६२मध्ये सेलाहून माघारीचा हुकूम त्यांनी स्वतः ऐकला. “मागे या म्हणाले, आलो,” एवढे सांगून ते म्हणाले, “हे लिहू नका, भाऊ. घरात विचारतात, म्हणजे पळालात ना?” त्यांना कायद्याची भीती नव्हती. हुकूम होता हे दाखवायला हातात कागद नव्हता. त्या युद्धात सुमारे ४ हजार भारतीय सैनिक कैदी झाले. त्यांतल्या कितींनी हाच प्रश्न टाळण्यासाठी तोंड मिटले असेल!

म्हणजे ज्याचे मनोधैर्य जपण्यासाठी अहवाल कुलपात ठेवला, त्याच्याच माथी पळपुटेपणाचा संशय राहिला. वरच्यांच्या चुका झाकल्या गेल्या, खालच्याची बाजूही झाकली गेली. आपण वाचकही यातून सुटत नाही. माजी सैनिकाला सभेत बोलावून आपण पराक्रम ऐकतो. माघारीचे कुणी विचारत नाही.

संरक्षण मंत्रालयाच्या २०२१च्या धोरणानुसार युद्धाची कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांत खुली व्हायला हवीत. १९६२ला साठहून अधिक वर्षे झाली. अहवाल खुला झाला, तर मोठ्यांची कीर्ती थोडी वरखाली होईल. पण कल्याणच्या त्या हवालदारांना आपल्या घरात एवढे तरी म्हणता येईल की, हुकूम आला होता.