शत्रुप्रेमाची आज्ञा कोणाला?

शत्रूवर प्रेम करा, ही ख्रिस्ताची आज्ञा आपल्याकडे भक्तिभावाने उच्चारली जाते. तिच्याकडे चिकित्सेने पाहिले पाहिजे. माझा प्रश्न असा की, ही आज्ञा कोणी कोणाला सांगायची? मारणाराच मार खाणाऱ्याला प्रेमाचा उपदेश करू लागला, तर त्या प्रेमाचा अर्थ काय उरतो? चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्या आम्हांला हा प्रश्न केवळ धर्मग्रंथातला नाही. गावात अत्याचार झाला की दुसऱ्या दिवशी ‘मोठ्या मनाने घ्या’ असे सांगणारी माणसे दारात येतात. ती फिर्यादीच्या दारात येतात. आरोपीच्या दारात जात नाहीत.

प्रथम मूळ ग्रंथच पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण आहे आणि ती सर्वांना ठाऊक असते. योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग मात्र क्वचितच सांगितला जातो. महायाजकापुढे चौकशी चालू असता एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू उलट हात उगारीत नाही. पण तो मुकाट्याने दुसरा गालही पुढे करीत नाही. आपल्या बोलण्यात खोट कोणती आणि हा मार कशाबद्दल, याचा तो जाब विचारतो. म्हणजे ख्रिस्ताच्या प्रेमात जाब विचारणे बसते. उपदेशकांनी गाल ठेवला आणि जाब गाळला.

आता आमच्या जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. जमीनदार घरातले वकील असलेले बाबा आमटे (1914–2008) यांनी वरोऱ्यात मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. कुष्ठाने सडलेल्या तुळशीरामला पाहून ते आधी भ्याले आणि मग त्या भीतीवर मात करून परतले. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली, पुढे आनंदवन उभे राहिले, 1973 साली भामरागडच्या जंगलात हेमलकसाचे काम सुरू झाले. या त्यागाबद्दल मला आदर आहे. तरीही एक फरक नोंदवला पाहिजे. आमट्यांना ती टोपली खाली ठेवता येत होती, म्हणून ती उचलणे हा त्याग ठरला. ज्यांच्या डोक्यावर ती जन्माने आली होती, त्यांना ती ठेवण्याची मुभा नव्हती. त्यांच्या वाहण्याला कोणी त्याग म्हटले नाही. त्याग करायला आधी हातात काही असावे लागते. म्हणून त्यागाच्या प्रेमाची आज्ञा प्रथम लागू होते ती ज्याच्या हातात जमीन, पाणी, मान आणि सत्ता आहे त्याला.

मग शोषिताने शत्रूशी कसे वागावे? बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या 1963 च्या संग्रहातील शीर्षककथा याचे उत्तर शोधते. जात लपवून राहिलेला नायक उघडा पडतो आणि बेदम मार खातो. अखेरीस त्या माराचा दोष तो समोरच्या हातांवर ठेवीत नाही, त्या हातांना चालवणाऱ्या मनूवर ठेवतो. माझ्या मते मराठी साहित्यातील शत्रुप्रेमाची ही फार मोठी जागा आहे, आणि तिच्यात प्रेम हा शब्दही नाही. माणूस आणि व्यवस्था यांना वेगळे करून पाहणे हेच तिथे प्रेम आहे. परंतु वाचकांनी काशिनाथला विसरू नये. चाकू घेऊन तो धावून आला म्हणून मार थांबला. मार थांबल्यावरच नायकाला मनूचा विचार करता आला.

हाच क्रम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारात दिसतो. 1938 च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला. मात्र ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही, हेही सुनावले. पुढे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवांना नकार आधी येतो, सर्व प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा त्यानंतर येते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. नकारानंतर येणारी करुणा ही ताठ मानेच्या माणसाची करुणा असते. नकाराआधी मागितलेली करुणा ही वेठबिगार होय.

याचा अर्थ द्वेष जोपासावा असा नव्हे. द्वेषाने माणूसपण परत मिळत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या द्वेष सोसलेल्यांना हे कोणी शिकवायला नको. पण क्षमा ही खटल्याचा पर्याय होऊ शकत नाही. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हाती आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत मोडत नाही, म्हणून त्या जातीला असलेले या कायद्याचे संरक्षणही त्याला मिळत नाही. ज्याला प्रेमाची शिकवण सर्वांत जास्त दिली गेली, त्याच्याच हाती जाब विचारण्याचे हे साधन नाही. या विसंगतीवर चर्चनेही बोलले पाहिजे आणि आपणही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, तडजोडीचा निरोप घेऊन कोणी आले तर त्याला हाकलू नका, आधी आरोपीच्या घरी पाठवा. त्याने चूक कबूल करावी, हिसकावलेले परत करावे, गावासमोर शेजारी बसावे. तोवर फिर्याद मागे घेऊ नये. त्यानंतर क्षमा करायची की नाही, हे ज्याने मार खाल्ला त्याने ठरवावे.