फुगवटा

उचगावच्या आसपास वाढलेल्या माणसाची नजर फौंड्रीतल्या लाकडी पॅटर्नवर तयार होते. पॅटर्नची उभी बाजू कधी अगदी ताठ नसते. तिला किंचित उतार, म्हणजे ड्राफ्ट, द्यावा लागतो, नाहीतर पॅटर्न काढताना वाळूचा साचा ढासळतो. तो उतार हेरायची सवय लागली की ‘ॲम्का’ या आपल्या नियोजित स्टेल्थ लढाऊ विमानाचा आकार वाचता येतो.

ताठ भिंत नाही, काटकोन नाही. दोन पृष्ठभाग काटकोनात भेटले की रडारची लहर आली तशी माघारी जाते. म्हणून उभी शेपटं बाहेर कललेली आहेत, आणि पंखांच्या नि शेपटांच्या कडा मोजक्याच दिशा धरून आहेत.

१ डिसेंबर १९७७ रोजी उडालेलं अमेरिकेचं ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक स्टेल्थ विमान नुसत्या सपाट पैलूंचं होतं. वक्र पृष्ठभागाचं रडार-गणित तेव्हाच्या संगणकांना झेपत नव्हतं. मला त्याचा धीटपणा आवडतो, रूप नाही. ॲम्काच्या अंगावर वळणं परत आली आहेत. २०१३-१४ मध्ये ३बी-०१ पासून ३बी-०९ पर्यंत नऊ आराखडे तपासले गेले आणि शेवटचा निवडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या एरो इंडियात त्याची पूर्णाकृती प्रतिकृती लोकांनी पाहिली.

माझी नजर मात्र हवा आत घेणाऱ्या तोंडापाशीच अडते. विमानाच्या अंगालगत हवेचा एक मंदावलेला थर वाहतो. तो इंजिनात जाऊ नये म्हणून जुन्या लढाऊ विमानांत अंग आणि तोंड यांच्यामध्ये फट ठेवत. ही फट रडारला आयती सापडते. इथे फटच नाही. तिच्या जागी एक मऊ फुगवटा आहे, आणि मंद थर त्याच्यावरून आपोआप बाजूला ढकलला जातो. एकाच उंचवट्यात हवाही सांभाळली, रडारही चुकवलं! आत नागमोडी वाट, त्यामुळे इंजिनाची पाती समोरून दिसत नाहीत.

त्या थराचा सिद्धांत १९०४ मध्ये लुडविग प्रांटल यांनी मांडला. गटिंगेनला त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट मिळवणारे विष्णू माधव घाटगे आपल्या गडहिंग्लज तालुक्यातले. एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांनीच रेखलं. तो फुगवटा पाहताना मला प्रत्येक वेळी घाटगे आठवतात.