पिंजऱ्यातला उंदीर आणि जंगलातलं पोट

प्रयोगशाळेतल्या उंदराला कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, करणं फार अवघड नाही. पिण्याच्या पाण्यात दोन-तीन टक्के डीएसएस हे रसायन मिसळायचं. आठवडाभरात उंदीर सुकतो, लेंड्या पातळ होतात, त्यांत रक्त दिसू लागतं. दुसरी वाट जनुकांची. १९९३ साली जर्मन संशोधकांनी आयएल-१० हे दाह आवरणारं प्रथिन नसलेले उंदीर घडवले आणि त्यांची आतडी आपोआप सुजली. पण तेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वाढवले तर आतडी शाबूत राहिली. म्हणजे नुसत्या जनुकीय दोषाने रोग होत नाही, जिवाणूही लागतात. या क्षेत्रातला सर्वांत भक्कम निष्कर्ष मी हाच मानतो.

घोळ पुढे आहे. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे जिवाणू सारखे होत जातात. तिथले दहा उंदीर म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. जनुकाचा म्हणून छापलेला परिणाम कधी कधी पिंजऱ्याचाच निघतो.

प्रेव्होटेला या जिवाणूचंच बघा. २०११ साली येल विद्यापीठाच्या गटाने त्याच्या कुळाला आतड्याच्या दाहाशी जोडलं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांना प्रेव्होटेला कोप्री दिलेल्या उंदरांचा कोलायटिस बळावलेला आढळला. झाला खलनायक! इकडे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या गटाने २०१६ साली दाखवलं की निरोगी भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा यांचीच रेलचेल असते. धान्य-कडधान्यावर जगणाऱ्या पोटातला हा नेहमीचा रहिवासी तिकडे आरोपी कसा? एकाच नावाखाली अनेक वाण असतात आणि समोर काय वाढलं आहे त्यावर त्यांचं वागणं ठरतं, हे उत्तर मला पटतं.

अन्नाचा पुरावा २०१६ सालच्या एका प्रयोगात आहे. माणसाच्या पोटातले चौदा जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले आणि आहारातला चोथा काढून घेतला. उपाशी जिवाणूंनी आतड्याचं श्लेष्माचं अस्तरच कुरतडलं. मग सिट्रोबॅक्टर हा रोगजंतू सोडला, तर तो थेट जिवावर बेतला.

आता गडचिरोलीच्या जंगलातल्या भामरागड-एटापल्लीकडचं ताट आठवा: भात, आंबील, रानभाज्या, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब), मोहफुलं. सोबत जंतही. पिंजऱ्यातून जे जे मुद्दाम वगळलं, ते ते इथे हजर. जंतांवरही काम झालं आहे. पुन्हा २०१६ सालीच न्यूयॉर्कच्या संशोधकांनी क्रोन या आतड्याच्या दाहरोगाशी जोडलेलं नॉड-२ जनुक नसलेल्या उंदरांना चाबूकजंत दिले, तेव्हा आतड्याला त्रास देणारा जिवाणू मागे हटला. जोडीला त्यांनी मलेशियातल्या ओरांग अस्ली आदिवासींचे नमुने तपासले. म्हणून जंतनाशकाची गोळी नको, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. जंतांमुळे रक्त कमी होतं, पोरं खुरटतात.

प्रतिजैविकांचंही तसंच. लहानपणी दिलेली प्रतिजैविकं आणि पुढचा आतड्याचा दाह यांचा संबंध पाश्चात्त्य पाहण्यांत दिसतो. पण गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांच्या आणि दायांच्या हाती को-ट्रायमोक्झॅझोल दिलं, न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले, आणि १९९० साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. उंदरांच्या आलेखावर बोट ठेवून त्या औषधाला नाकं मुरडणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

रोगाची नोंद हाही एक अडसर आहे. आपल्याकडे रक्ती आव म्हटली की आधी अमिबा आठवतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन तर दुर्बिणीतूनही चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. ‘जंगलात हा आजार नाही’ असं म्हणण्याआधी जंगलात तो शोधला किती, हे विचारायला हवं.

म्हणून जंगलातल्या पोटातले जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडून, त्यांना इथलंच अन्न देऊन प्रयोग व्हायला हवेत. त्यासाठी शौचाचे नमुने लागतील आणि ते मागायला ग्रामसभेपुढे बसावं लागेल. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला; अभ्यासगटात बसून प्रश्न चघळायची तिथली रीत त्याहून जुनी. हे नमुने नेणार कुठे, आणि त्यातून उद्या औषध निघालं तर गावाला काय, याचं लेखी उत्तर संशोधकाने सोबत न्यावं.