‘सशक्त नायिका’ म्हणजे नेमकं काय? व्हॅम्पायर, समर्थ आणि तीन प्रश्न



आजचा विषय वाचून काही जणांना हसू येईल. व्हॅम्पायर, हडळी, भुतं आणि त्यांच्याशी भिडणाऱ्या मुलींच्या कादंबऱ्या. यावर पीएच.डी.? मलाही हा प्रश्न बऱ्याचदा ऐकावा लागतो, अगदी घरातही. पण या कादंबऱ्यांनीच मला संशोधनातला एक महत्त्वाचा धडा शिकवला. तोही आधी तोंडावर पाडून. म्हणून चुकीपासूनच सुरुवात करते.

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं. मराठी भय-अद्भुत साहित्यात सशक्त नायिका आढळत नाही, अशा अर्थाचं. वाक्य लिहून मी खूश होते. ‘रिसर्च गॅप’ सापडली ना! गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि दोनच प्रश्न विचारले. किती वाचलंय? आणि सशक्त म्हणजे काय? पहिल्याचं उत्तर होतं, अकरा पुस्तकं. दुसऱ्याचं उत्तर नव्हतंच.

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही असा एखादा शब्द असेल. ‘सशक्त’, ‘प्रभावी’, ‘वास्तववादी’. वाचायला छान वाटतो, पण मोजायला गेलं की हातातून सुटतो. तो पकडायचा कसा, ते आज बघू.

आधी आपला प्रश्न कोणता ते ठरवा

मी गिरडची. वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. आमच्याकडे टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. त्यांची गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते आणि इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्येही ती नोंदलेली आहे. दोन बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली, म्हणून त्यांच्याजवळच्या नारळांचे आणि बाकी सगळ्या मालाचे दगड झाले. त्यांनी माफी मागितली तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांतून नवा माल करून दिला. मग ते दोघे कायमचे बाबांच्या सेवेत राहिले.

आता भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी म्हणेल, हे झिओलाइट आहे. बेसॉल्ट खडकाच्या पोकळ्यांत तयार होणारं खनिज. बरोबर आहे. समाजशास्त्राचा विद्यार्थी विचारेल, हिंदू आणि मुसलमान दोघंही इथे का येतात? तोही प्रश्न चांगला आहे. आणि साहित्याची विद्यार्थिनी विचारेल, या गोष्टीत चूक कोणाची, शिक्षा कोण देतं आणि गोष्ट माफीपाशी का थांबते? दगड एकच, पण प्रश्न तीन. एका प्रश्नाचं उत्तर दिलं म्हणून दुसरा प्रश्न खोटा ठरत नाही.

व्हॅम्पायर असतात का, हा आपला प्रश्नच नाही. “पण हे सगळं खोटंच आहे ना?” असं व्हायव्हामध्ये कोणी विचारलं, तर घाबरू नका.

तोदोरोव्ह कुठवर पुरतो?

या विषयात पहिलं नाव येतं ते त्स्वेतान तोदोरोव्ह यांचं. अद्भुतावरचं त्यांचं फ्रेंच पुस्तक १९७० चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विचित्र घटना घडते आणि ही खरंच अलौकिक आहे की मनाचा खेळ, हे वाचकाला ठरवता येत नाही. ते डळमळणं टिकतं तोवर ‘फँटास्टिक’ टिकतं. उत्तर मिळालं की कथा एका बाजूला कलते. एकतर सगळ्याचा साधा खुलासा होतो, नाहीतर अलौकिक हेच वास्तव म्हणून स्वीकारलं जातं.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचताना ही चौकट फार कामाला येते. पण पॅरानॉर्मल कादंबरीत ती लवकरच अपुरी पडते. शार्लेन हॅरिस यांची ‘डेड अंटिल डार्क’ (२००१) घ्या. तिथे कृत्रिम रक्त बाजारात आलंय आणि व्हॅम्पायर उघडपणे गावात राहायला आलेत. लॉरेल हॅमिल्टन यांच्या ‘गिल्टी प्लेझर्स’ (१९९३) मधली अनिता ब्लेक मेलेल्यांना उठवायची रीतसर नोकरी करते. इथे डळमळणं उरलेलंच नाही. भूत आहे, हे पहिल्या पानावरच मान्य.

मग उरतं काय? माझ्या मते, माणसांमधला कारभार उरतो. भूत खरं आहे हे ठरल्यावर ते कोणाला दिसतं, कोणाचं ऐकलं जातं आणि पुढे काय करायचं ते कोण ठरवतं.

मोठ्या आईचा प्रश्न

ही सूत्रं मला पुस्तकातून मिळाली नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत घरी होते. मोठी आई तांदूळ निवडत होती आणि मी तिला ‘डेड अंटिल डार्क’ची गोष्ट सांगत होते. त्यातली सूकी हॉटेलात वेट्रेस आहे. तिला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. गाव तिला अर्धवट समजतं. गावात बायकांचे खून व्हायला लागतात आणि संशय तिच्या भावावर येतो. मी रंगात आले होते. मोठी आई मधेच म्हणाली, “सारं खरं हाय, पण तिचं आयकलं का कोनं?”

मग तिने तिच्या माहेरच्या एका म्हातारीबद्दल सांगितलं. कोणाचं तरी लेकरू आजारी पडलं आणि बोट या म्हातारीकडे गेलं. ती सांगत राहिली की मी काही केलं नाही. मारलं कोणी नाही. पण त्यानंतर तिच्या दारातून कोणी पाणी प्यालं नाही. मोठी आई तेव्हा लहान होती. “मीपन गेली नाही,” एवढंच म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

त्या रात्री मी वहीत तीन प्रश्न लिहिले:

१. कोणाला दिसतं?
२. कोणाचं खरं मानलं जातं?
३. ठरवतं कोण?

आता हे तीन प्रश्न घेऊन काही पुस्तकं वाचून बघू.

मीना: संशोधन तिचं, बैठक त्यांची

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) आपण ड्रॅक्युलासाठी वाचतो. एकदा मीना हार्करसाठी वाचा. नवऱ्याची लघुलिपीतली डायरी ती टाइप करते. डॉक्टर सुअर्डने फोनोग्राफवर बोलून ठेवलेली टिपणं ऐकून तीही कागदावर उतरवते. सगळे कागद तारखेनुसार लावते. ड्रॅक्युलाविरुद्धचा पुरावा उभा राहतो तो या बाईमुळे. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा कलेक्शन, ट्रान्सक्रिप्शन आणि मांडणी सगळी तिची.

आणि मग पुरुष ठरवतात की यापुढे तिला काही सांगायचं नाही. तिच्या भल्यासाठी. नाजूक जीव, झेपणार नाही. नेमकं याच काळात, ते सगळे बाहेर शोध घेत असताना, ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोचतो.

तीन प्रश्न लावा. दिसतं का? हो. खरं मानतात का? हो, कौतुकही करतात. ठरवते का? नाही. आणि कादंबरी दाखवते की धोका याच तिसऱ्या जागेतून आत शिरतो. स्टोकरना हे म्हणायचं होतं का, मला सांगता येणार नाही. पण कथानकात ते आहे, आणि पानं दाखवून सिद्ध करता येतं. टीका करताना एवढं हातात असलं की पुरतं.

बेला: ‘मी’ म्हणाली म्हणजे झालं?

सुरुवातीला मला वाटायचं, नायिका स्वतः ‘मी’ म्हणून गोष्ट सांगते म्हणजे ती सशक्त. सूकी सांगते, अनिता सांगते. पण स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मधली (२००५) बेलाही स्वतःच सांगते. एडवर्डचं गुपित ती स्वतः शोधते, इंटरनेटवर बसून. म्हणजे पहिल्या प्रश्नात पास.

पण दुसऱ्या भागात एडवर्ड तिला सोडून जातो, तिच्या भल्यासाठी. तिसऱ्या भागात, ‘एक्लिप्स’मध्ये (२००७), ती जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनात गडबड करून ठेवतो. पुन्हा तिच्या भल्यासाठी. ‘ड्रॅक्युला’पासून एकशे दहा वर्षं झाली आणि वाक्य तेच! आपल्यापैकी किती मुलींनी नागपूरला शिकायला जायच्या वेळी हे ऐकलंय, हात वर करा.

म्हणून बेला ‘कमजोर’ आहे असं लगेच लिहू नका. चौथ्या भागात सगळ्यांना वाचवणारी ढाल तीच बनते. पण त्यासाठी तिला आधी माणूसपण सोडून व्हॅम्पायर व्हावं लागतं. माणूस असताना तिचा शब्द शेवटचा का ठरला नाही, हा खरा प्रश्न. ‘सशक्त आहे की नाही’ यापेक्षा तो कितीतरी जास्त काही देतो.

समर्थ ऐकून घेतो, पण...

आता आपल्या घरात या. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली. भुताखेतांच्या कथेला मराठीत मोठा वाचक मिळाला तो त्यांच्यामुळे. त्यांचा ‘समर्थ’ अनेकांच्या लहानपणाचा भाग आहे.

समर्थकथांची एक गोष्ट मला आजही आवडते. त्रास घेऊन आलेल्या माणसाला समर्थ खुळ्यात काढत नाही. आधी नीट ऐकून घेतो. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी उडवून लावलेलं इथे खरं मानलं जातं. म्हणजे दुसऱ्या प्रश्नात धारप पुष्कळ पुढे आहेत, आणि पहिल्या मसुद्यात मला हे दिसलंच नव्हतं.

पण तिसऱ्या प्रश्नाला चित्र बदलतं. उपाय समर्थाचा आणि गोष्ट सांगणारे बहुतेक वेळा त्याचे स्नेही आप्पा. होम्स आणि वॉटसनसारखी ही जोडी आहे. त्रास झालेली बाई बोलते तेवढं बोलून बाजूला होते. तिच्या नजरेतून तीच घटना कशी दिसली असती, ते मी वाचलेल्या कथांत तरी कळत नाही. ‘मी वाचलेल्या’ हे शब्द आता मी विसरत नाही.

धारपांनी स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवरून कथानकं घेतली, हे सर्वश्रुत आहे. ‘लुचाई’ ही ‘सेलम्स लॉट’ (१९७५) वरून. बरेच अभ्यासक इथे ‘उचललं’ म्हणून थांबतात. थांबू नका. किंगच्या कादंबरीत सुझन नॉर्टन स्वतः त्या झपाटलेल्या घराकडे जाते, पकडली जाते, व्हॅम्पायर होते आणि तिचा प्रियकरच तिला संपवतो. आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा आणि बाईच्या वाट्याला आलेले प्रसंग एकेक करून जुळवा. काय ठेवलं, काय गाळलं, काय बदललं? एका सेमिस्टरच्या प्रकल्पाला पुरेल एवढं काम आहे.

‘चेटकीण’ लिहिताना

आता सगळ्यात अवघड मुद्दा. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीण आहे. दिलीप प्रभावळकरांनी ती गाजवली, नंतरच्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी. पोरं खिदळतात आणि घाबरतात, दोन्ही. मीही खिदळले आहे. शिवाय ती चेटकीण पुरुष नट रंगवतो, यावर वेगळा लेख होईल.

पण तोच शब्द गावच्या चौकात दुसरं काम करतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये, जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बायामाणसांना बांधून मारलं गेलं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आधी तो वटहुकूम म्हणून आला. अमुक व्यक्ती करणी करते असं सांगून तिच्यावर संशय निर्माण करणं, हेही त्यात गुन्ह्यात मोडतं.

म्हणजे या कादंबऱ्यांवर बंदी हवी का? अजिबात नाही. उलट, शक्ती असलेली बाई वाचकाच्या बाजूने बोलते, ती या कादंबऱ्यांतच. सूकीला गाव अर्धवट म्हणतं तेव्हा आपण सूकीच्या आत बसून ते ऐकतो. मोठ्या आईच्या माहेरच्या म्हातारीच्या आत कोणी बसलं नव्हतं. या कादंबऱ्यांचं मोल मी इथे धरते. नायिका किती जणांना लोळवते यात नाही. अर्थात नुसतं आत बसून भागत नाही, हे बेलाने दाखवलं. म्हणून तीनही प्रश्न हवेत.

तुमच्या वहीसाठी

एक: मोघम विशेषणाच्या जागी असे प्रश्न ठेवा, ज्यांची उत्तरं पानावर बोट ठेवून देता येतील.

दोन: ‘आढळत नाही’ लिहिण्याआधी किती वाचलं ते मोजा, आणि आकडा लिहा.

तीन: वाचकांना विचारा. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’साठी (१९८४) रोमान्स कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशीच बोलून काम केलं. वाचनाचा तो वेळ आपला एकटीचा, घरच्यांच्या मागण्यांपासून दूर, असं त्या बायका सांगत होत्या. कादंबऱ्या नुसत्या वाचून हे कळलं नसतं. आज प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठी भयकथा भागाभागांनी वाचणाऱ्या मुली तुमच्याच एसटीत बसलेल्या असतात. विचारून तर बघा.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: निवडक मराठी भय-अद्भुत कथनांत स्त्रीपात्राला दिसणं, तिचं खरं मानलं जाणं आणि तिने निर्णय घेणं यांचा परस्परसंबंध तपासणे. लांबलचक आणि रुक्ष आहे, मान्य. पण यावेळी पेन्सिलीची रेघ आली नाही.

सुट्टीत पुन्हा गिरडला गेले की मोठ्या आईला ‘ड्रॅक्युला’ सांगणार आहे, मीनाच्या बाजूने. ती मधे काय विचारते ते वहीत लिहून घेईन. तुमच्या सिनॉप्सिसमधला मोघम शब्द कोणता, तो आजच शोधून ठेवा.