योसेफ : नावातली प्रार्थना

स्नानसंस्काराच्या वेळी आईवडिलांच्या हाती पडणाऱ्या नावांच्या यादीत ‘योसेफ’ या नावापुढे ‘वृद्धी’ किंवा ‘भरभराट’ असा अर्थ दिलेला असतो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे, असे आम्हांस वाटते.

नाव हिब्रू आहे. उत्पत्तीच्या 30 व्या अध्यायात, दीर्घ वंध्यत्वानंतर पुत्र लाभलेली राहेल लागोपाठ दोन वाक्ये बोलते. पहिल्यातील क्रियापद ‘आसाफ’, म्हणजे दूर केले. देवाने तिचे लांछन दूर केले. दुसऱ्यातील ‘योसेफ’, म्हणजे तो भर घालो. आणखी एक पुत्र मिळो. उच्चाराने जवळ असलेल्या या दोन शब्दांत जाणे आणि येणे एकत्र नांदते. मराठीत अर्थ उतरतो, नाद हरवतो. मूळ भाषा शिकून बायबलचे भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंपुढेही ही अडचण आली असलीच पाहिजे. ‘लांछन हरले, ओटी भरो’ अशा जोडीने तो नाद थोडासा सुचवता येईल. निदान तळटीप तरी हवीच.

कारण कथा तेथे संपत नाही. राहेलची प्रार्थना ऐकली जाते. मात्र 35 व्या अध्यायात दुसऱ्या पुत्राला जन्म देताना ती मरण पावते. त्याला ती ‘बेनओनी’, माझ्या दुःखाचा पुत्र, म्हणते. याकोब ते बदलून ‘बन्यामीन’ ठेवतो. हे वाचल्यावर ‘भरभराट’ हा शब्द फार उथळ वाटू लागतो.

आपल्याकडे हे नाव अनेक वाटांनी आले : बायबलातून योसेफ, पोर्तुगीजांकडून जुझे, इंग्रजीतून जोसेफ आणि अरबीतून युसूफ. कुराणाच्या 12 व्या सूरेचे नावच युसूफ आहे. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या धाराशिव जिल्ह्यात हे शेवटचे रूप सर्वांच्या ओळखीचे. त्याच जिल्ह्यात, आजच्या लोहारा तालुक्यात, माकणी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने याच भागातील सास्तूरसारखी गावे भुईसपाट केली. त्यानंतर तेथल्या घरांत पाळणे हलले. पण गेलेल्या लेकराची जागा नव्या लेकराने भरून निघत नाही, हे आईइतके कोण जाणते? भर म्हणजे भरपाई नव्हे.

म्हणून यादी छापणाऱ्यांना आमची विनंती आहे : ‘भरभराट’ खोडून तेथे ‘प्रभू आणखी देवो’ असे छापावे. भरल्या घराला ते शोभेल आणि रित्या घरालाही उच्चारता येईल.