रात्रीची मुंबई आणि मराठी लेखणी

दिवाळीच्या अंकात गुत्ते आणि मद्यालये ह्यांविषयी लिहिणे औचित्याला धरून होईल काय, अशी शंका काही वाचकांना येईल. फराळाचे ताट पुढे असताना हा विषय कशाला काढला, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांना माझे नम्रपणे एवढेच सांगणे आहे की, मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या बायकामुलांसह पाहिलेले, ज्यातील पदे आमच्या आज्या स्वयंपाक करता करता गुणगुणत, असे एक नाटक ह्याच विषयावर आहे. तेव्हा विषय परका नाही. महानगरातील रात्र, त्या रात्रीच्या बैठका आणि त्यांकडे पाहण्याची आपल्या लेखकांची दृष्टी, एवढाच आजच्या लेखाचा आवाका आहे.

हे मी आरे-वारे येथे बसून लिहीत आहे, हेही आधीच सांगितलेले बरे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यावर ही दोन गावे लागतात. मधल्या चढावर उभे राहिले की दोन्ही अंगांना पुळण दिसते आणि तिच्या कडेने सुरूचे बन. दिवेलागण झाली की समुद्राचा आवाज मोठा होतो आणि जेवणे आटोपली की गाव झोपते. ह्यावरून आम्हांला रात्र ठाऊकच नाही असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. शिमग्यात पालखी नाचते. नमन-खेळ्यांत संकासुर आणि गवळणी पहाटेपर्यंत अंगण गाजवतात. पेयाचीही ह्या किनाऱ्याला ओळख आहे. माडाची माडी काढणे हा भंडारी समाजाचा जुना व्यवसाय. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि झाडांवरील कराने तो आवळला गेला, आणि कोकणातील इतर अनेकांप्रमाणे त्यांतलेही कित्येक मुंबईस गेले.

मुंबईची रात्र आमच्या गावांना मनीऑर्डरीने कळत असे. पोस्टमन वेळेवर आला तर चाकरमानी सुखरूप आहे. दोन महिने आला नाही, तर घरातली म्हातारी कोणाला काही न विचारता काय ते समजून घेई. म्हणून मुंबईच्या रात्रीवरील कोणतीही कलाकृती समोर आली की मी तीत तीन माणसे शोधतो: बसणारा, वाढणारा आणि घरी वाट पाहणारा. ह्यांपैकी एकच माणूस ज्या लेखकाला दिसतो, त्याने रात्र अर्धीही पाहिलेली नाही, असे माझे मत आहे.

आता त्या नाटकाकडे वळू. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. वकिलीची सनद गमावण्याच्या अपमानाने पोळलेला सुधाकर, त्याच्या हातात पहिला प्याला देणारा तळीराम आणि दुसऱ्यांची दळणे दळणारी सिंधू ही माणसे मराठी माणसाला सांगावी लागत नाहीत. आपण ह्या नाटकाला व्यसनाविरुद्धचा उपदेश म्हणून पाहत आलो आहो. मला त्यातील ‘आर्यमदिरामंडळ’ अधिक विचार करण्याजोगे वाटते. मराठी रंगभूमीवरील ह्या सर्वांत गाजलेल्या मद्यपींच्या अड्ड्याला गडकऱ्यांनी मंडळाचे रूप दिले आहे! सभा भरवणाऱ्या, ठराव करणाऱ्या त्या काळच्या मंडळांची ती थट्टा आहेच. पण तेथे शास्त्री आणि खुदाबक्ष एकाच पंगतीला बसतात हे विसरू नये. दिवसा जे एकत्र बसू शकत नाहीत, ते रात्री बसतात. नगरातील रात्रीचे खरे आकर्षण काय असते, हे गडकऱ्यांनी विनोदाच्या ओघात नेमके टिपले आहे.

बसणारा त्यांना दिसला आणि वाट पाहणारी तर अशी दिसली की, बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षागृहे रडवली. तळीरामाची बायको गीता हीही वाट पाहणारीच. परंतु ती सोसून गप्प राहत नाही, तोंडावर बोलते. मला कधी कधी वाटते, आपण सिंधूसाठी इतके रडलो की गीतेचे बोलणे ऐकायचे राहून गेले. राहता राहिला वाढणारा. त्याला ह्या नाटकात स्वतःची अशी कथा नाही.

पुढे सरकारनेच ह्या विषयात उडी घेतली. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला, १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील बहुतेक भाग वैध ठरवला, आणि शहरातील रात्र मागच्या दाराने आत-बाहेर करू लागली. ‘आंटीचे अड्डे’ हा शब्द त्याच काळाचा. ज्याला प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळे, तो उजळ माथ्याने पिई. ज्याला मिळत नसे, तो एखाद्या बाईच्या घराच्या मागल्या खोलीत बाकावर बसे. त्या बाईला पोटाकरिता ते करावे लागत होते. तिची वाट पाहणारे कोणी असेलच तर ती तिची मुले. पुढे बंदी सैल झाली, तरी ‘परमिट रूम’ ही पाटी राहून गेली. कायद्याने आजही पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो, आणि आत बसलेल्या किती जणांनी तो काढलेला असतो हे विचारणे असभ्यपणाचे मानले जाते.

ह्या पाट्यांच्या खाली मी पुष्कळ हिंडलो आहे. चाकरमान्यांच्या गावचा माणूस मुंबईस गेला की कोणी ना कोणी त्याला बसायला नेतोच. कुलाब्याला १८७१ पासूनचे ‘लिओपोल्ड’ आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा त्याच्या भिंतींनी जपून ठेवल्या आहेत आणि त्यांच्याखाली बसून लोक निवांत जेवतात. जवळच ‘माँडेगार’च्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी काढलेली माणसे बसलेल्या माणसांपेक्षा अधिक गडबड करताना दिसतात. गिरगाव-दादरकडे शेट्टी मंडळींच्या परमिट रूम. मंद दिवा, टेबलावर चखणा, आणि साहेबांचा निरोप सांगावा तशा गंभीर चेहऱ्याने ‘शेवटची ऑर्डर’ विचारणारा वेटर. काही जुन्या इराण्यांच्या जागी आता बिअर बार झाले आहेत. जेथे पूर्वी ब्रून-मस्का मिळे, तेथे आता दुपारपासून काचा काळ्या. त्याहून खाली उतरले की देशी दारूचे दुकान, जेथे बसायची सोय नसते आणि कोणी फार वेळ थांबतही नाही. एकाच शहरात किती रात्री आहेत, आणि प्रत्येकीचा दर किती वेगळा आहे!

मराठी साहित्याने ह्यांतील खालच्या रात्री १९६० नंतर धिटाईने उघडल्या. जयवंत दळवींच्या ‘चक्र’ने (१९६३) झोपडपट्टी दाखवली, भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) नाक्यावरच्या पोरांची बोली जशीच्या तशी कागदावर आणली आणि सभ्य वाचकांत मोठे वादळ उठले. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती लिहिण्यापूर्वी तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले, कवितांतील शब्दांचे अर्थ त्यांना विचारत राहिले. मराठी टीकेच्या इतिहासात ही घटना मला फार मोलाची वाटते. एका नामवंत लेखकाने आपल्याच भाषेतील शब्द आपल्याला कळत नाहीत हे मान्य केले आणि जो जाणतो त्याला वाट दाखवायला सांगितले. ढसाळ त्याच भागात वाढले होते, टॅक्सी चालवत होते. त्यांनी ही रात्र बसणाऱ्याच्या खुर्चीवरून लिहिलेली नाही. ती रात्र ज्यांच्या अंगावरून जाते त्यांच्या बाजूने लिहिली आहे. दुसरा माणूस, वाढणारा, राबणारा, येथे पहिल्यांदा तोंड उघडून बोलला, आणि तो जे बोलला ते आपल्याला सोसले नाही.

पण ढसाळांची धग घेऊन त्यांच्यामागून येणाऱ्या पुष्कळांनी नुसते धाडस उचलले. रात्रीत उतरलो, पाहिले, प्यालो, बाहेर आलो, असे सांगणाऱ्या लेखनाचा मला कंटाळा येतो. त्यात वेटर ‘वेटर’च राहतो, त्याचे गाव कोणते, तो पहाटे कोठे झोपतो, हे कोणी विचारत नाही. जुन्या उपदेशकाला पिणारा पापी दिसे, नव्याला तो वीर दिसतो; दोघांचीही नजर खुर्चीवरच खिळलेली.

ह्याचा परिणाम केवळ साहित्यापुरता राहत नाही. २००५ साली महाराष्ट्राने डान्स बारमधील नृत्यावर बंदी घातली. मात्र तारांकित हॉटेलांना तीतून सूट होती. हा भेद न्यायालयांत टिकला नाही: २००६ साली उच्च न्यायालयाने आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी अवैध ठरवली. २०१६ साली नवा कायदा झाला, २०१९ च्या जानेवारीत त्यातील कित्येक जाचक अटी पुन्हा न्यायालयाने काढल्या. ह्या साऱ्या वर्षांत चर्चा झाली ती तरुण पिढीच्या बिघडण्याची. नाचणाऱ्या बाईच्या घरी कोण वाट पाहत असते, हा प्रश्न हिंदी चित्रपटाने आधी विचारला होता. मधुर भांडारकरांच्या ‘चांदनी बार’मध्ये (२००१) तब्बूने उभी केलेली मुमताज वाढणारीही आहे आणि आईही. त्या चित्रपटात भडक जागा आहेत. तरी दोन माणसे एका देहात दाखवल्याबद्दल मी त्याला मोठे मानतो.

शेवटी एक गोष्ट, जी आमच्या जिल्ह्याची आहे. गिरणगावातील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा होता. त्यांची मुंबईतील रात्र म्हणजे रातपाळी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू मिटल्या आणि त्यांच्या आवारांत कचेऱ्या, उपाहारगृहे, मद्यालये आली. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण गेले. जेथे एका पिढीने रात्रभर उभे राहून सूत काढले, तेथे दुसरी पिढी रात्र साजरी करायला बसली. ह्या दोन रात्री एकमेकींना ओळखत नाहीत. त्यांची ओळख करून देणे कोणा कायद्याचे काम नव्हे. ते कादंबरीकाराचे काम आहे.

अशी कादंबरी मला वाचायची आहे. तीत पिणाऱ्याला शिव्या नकोत आणि ओवाळणीही नको. तीत वेटरला नाव असावे, गाव असावे. गाव आमच्या बाजूचे असले तर उत्तमच. आणि तीत गीतेसारखी एक बाई असावी, जी वाट पाहता पाहता स्पष्ट बोलेल. असे पुस्तक आले, तर ते फराळाच्या ताटाशेजारी ठेवायला कोणत्याही घराने संकोच करू नये.